रात्र-रात्र झाडावर बसून नरभक्षकांची वाट बघणारा जिम कॉर्बेट, वाघांचा राखणदार कसा झाला?

बुद्ध पौर्णिमा जवळ आली की महाराष्ट्रातल्या जंगलप्रेमींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच विषय असतो. मचाण मिळालं का? ताडोबा, मेळघाट, पेंच अशा जंगलांत त्या रात्री पाणवठ्याशेजारच्या मचाणांवर बसायला वनविभाग परवानगी देतो. मग लोक डबा, पाण्याच्या बाटल्या आणि दुर्बीण घेऊन चढतात, चंद्राच्या उजेडात पाण्यावर येणारे प्राणी मोजतात आणि सकाळी डोळे चोळत खाली उतरून स्टेटस टाकतात.

आज मचाण म्हटलं की कॅमेरा आठवतो. शंभर वर्षांपूर्वी मचाण म्हटलं की बंदूक आठवायची. हरणासाठी असो, बिबट्यासाठी असो की वाघासाठी, झाडावर बसून सावजाची वाट बघणं ही शिकारीची जुनी आणि सर्वमान्य पद्धत होती. आणि झाडावर बसून वाट बघण्यात ज्याचा हात धरणारा कुणी नव्हता, असा एक माणूस नैनितालमध्ये राहायचा. नाव जिम कॉर्बेट.

नाव तुम्हाला माहितीच आहे. उत्तराखंडात फिरायला गेलेल्या प्रत्येकानं त्या नावाच्या पाटीजवळ फोटो काढलेला असतो. पण एका शिकाऱ्याचं नाव अभयारण्याला कसं काय दिलं, हा प्रश्न पाटीवर लिहिलेला नसतो.

तर सुरुवात करू १८७५ पासून.

२५ जुलै १८७५ ला नैनितालमध्ये एडवर्ड जेम्स कॉर्बेटचा जन्म झाला. वडील ख्रिस्तोफर कॉर्बेट तिथले पोस्टमास्तर. घर आयरिश वंशाचं, पण भारतात मुरलेलं. भावंडांचा मोठा गोतावळा. जिम लहान असतानाच वडील गेले आणि घराचा गाडा आई मेरी जेन यांच्यावर आला. साहेबांच्या जगात या कुटुंबाची जागा तशी अधलीमधली होती. कातडी गोरी, पण जन्म इथलाच. त्यामुळे विलायतेतून थेट आलेल्या बड्या अधिकाऱ्यांच्या पंगतीत यांना थोडं खालचंच पान मिळायचं.

उन्हाळ्यात नैनिताल आणि हिवाळ्यात पायथ्याशी कालाढुंगी, असं हे घर वर्षातून दोनदा हलायचं. कालाढुंगीच्या घराला लागूनच जंगल सुरू व्हायचं. जिमची खरी शाळा तीच.

आधी गलोल आली, मग एक बंदूक. ती कसली बंदूक, भंगारच म्हणा ना. नात्यातल्या एकानं दिलेली तोंडाकडून दारू ठासायची जुनी दुनळी. उजवी नळी फाटलेली, दस्ता तडकलेला आणि सगळं पितळी तारेनं आवळून बांधलेलं. म्हणजे दुनळी असून एकच नळी चालायची. दारूगोळा मोजका. त्यामुळे एक बार फुकट घालवणं परवडायचं नाही आणि पोरगं आपोआप दबकत चालायला, थांबायला आणि नीट बघायला शिकलं. नेम धरणं थोरल्या भावानं, टॉमनं शिकवलं.

जंगल मात्र शिकवलं कुंवरसिंगनं.

हा माणूस म्हणजे कालाढुंगीतला अव्वल नंबरचा चोरटा शिकारी. शेजारच्या गावाचा पुढारी आणि परवाना वगैरे भानगडीत न पडता जंगलातून हवं ते घेऊन येणारा गडी. चितळाच्या शिकारीला पहाटेच्या अंधारात निघायचं, सूर्य उगवायच्या आत चरणाऱ्या कळपापाशी पोचायचं, हे धडे जिमनं त्याच्याकडून घेतले. पण त्यानं दिलेला सगळ्यात मोठा धडा होता झाडावर चढण्याचा. त्यासाठी त्यानं पोराला हरसिंगची गोष्ट सांगितली. ही गोष्ट कॉर्बेटनं पुढे आपल्या पुस्तकातही लिहून ठेवली आहे.

झालं असं, की कुंवरसिंग आणि त्याचा जोडीदार हरसिंग शिकारीला गेले होते. वाघ समोर आला. कुंवरसिंग सरसर झाडावर चढला. हरसिंगला लहानपणी झाडावर चढायला कुणी शिकवलंच नव्हतं. वाघानं त्याला खोडाला दाबून धरलं आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी पंजे टाकून झाडाची साल ओरबाडू लागला. मध्ये माणूस. वाघही ओरडतोय आणि हरसिंगही. वरून कुंवरसिंगनं बंदुकीचा बार काढला तेव्हा वाघ गेला, पण जाता जाता हरसिंगचं पोट फाडून गेला. आतडी बाहेर. कुंवरसिंगनं ती पाला-गवतासकट उचलून आत ढकलली, पागोट्याच्या कापडानं पोट घट्ट बांधलं आणि दोघं कित्येक मैल चालत कालाढुंगीच्या दवाखान्यात पोचले. तिथे टाके घातले. ऐकून विश्वास बसत नाही, पण हरसिंग म्हातारा होऊन मेला.

ही गोष्ट ऐकलेलं पोरगं झाडावर चढायला शिकणार नाही तर काय करणार!

आता इथे थोडं थांबून, झाडावर बसून शिकार म्हणजे नेमकं काय करतात ते बघू. कारण सिनेमात दाखवतात तसं ते अजिबात नसतं.

हरणाची शिकार असेल तर हिशोब वाऱ्याचा. चितळ आणि सांबराचं नाक जबरदस्त असतं. माणसाचा वास लागला की कळप गायब. उंचावर बसलं की वास बऱ्यापैकी वरच्या वर राहतो आणि हरणं सहसा मान वर करून झाडात बघत नाहीत, म्हणून झाड. वाघाचं गणित वेगळं. वाघ शिकारीसाठी नाकापेक्षा डोळ्यांवर आणि कानांवर विसंबतो. म्हणजे झाडावर बसलेल्या माणसाचा वास चालेल, पण हललेला हात किंवा आलेला खोकला चालणार नाही. मचाण बांधतानाचा कुऱ्हाडीचा आवाजसुद्धा घात करतो. म्हणून मचाण दिवसाउजेडी बांधायचं, सूर्य मावळायच्या आत जागा धरायची आणि मग पुतळा व्हायचं. पाय आखडतात, डास फोडून काढतात, पहाडातली थंडी हाडात शिरते, आणि तरीही हलायचं नाही.

आणि दिसत तर काहीच नाही. म्हणून कान लावायचे.

कॉर्बेटचा खरा हातखंडा इथे होता. जंगलात वाघ निघाला की सगळ्यात आधी हरणं ओरडतात. चितळाची तीक्ष्ण शिटी, सांबराचा भोंग्यासारखा आवाज, भेकराचं कुत्र्यासारखं भुंकणं, वर झाडावरून वानराचा खकारा. आज सफारीत जिप्सीचा ड्रायव्हर गाडी बंद करून कॉल आला, कॉल आला असं कुजबुजतो ना, तो हाच प्रकार. कॉर्बेटला या आवाजांवरून वाघ आहे की बिबट्या, थांबलाय की चालतोय, चालतोय तर कुठल्या दिशेनं, हे सगळं कळायचं. तो स्वतः हे आवाज हुबेहूब काढायचाही. ज्या हरणांना लहानपणी तो मारायला शिकला, पुढे त्याच हरणांच्या आवाजांनी त्याचा जीव अनेकदा वाचवला.

पण नरभक्षकांपर्यंत पोचायच्या आधी पोटापाण्याची सोय हवी होती. विशीच्या आतच जिम रेल्वेत लागला. पुढे बिहारमधल्या मोकामा घाटावर गंगेच्या काठी मालाच्या चढउताराचं कंत्राट घेतलं आणि वीसेक वर्षं तेच केलं. मोठ्या रुळांवरून आलेला माल नदीपार नेऊन छोट्या रुळांच्या गाड्यांत भरायचा, हे काम. हमालांच्या बरोबरीनं स्वतः माल उचलणारा हा साहेब होता. कामगारांच्या पोरांसाठी त्यानं तिथे शाळाही काढली. एक गोष्ट लक्षात ठेवा, कॉर्बेटचा पगारी धंदा शिकार नव्हताच. नरभक्षक मारायला तो रजा काढून जायचा. आणि बक्षीस घ्यायचा नाही. उलट तो जायच्या आधी सरकारनं जाहीर केलेलं बक्षीस मागे घ्यावं आणि बाकीच्या शिकाऱ्यांना जंगलातून बाहेर काढावं, ही त्याची अट असायची. एक म्हणजे आपल्याला इनामासाठी शिकार करणारा म्हणू नये, आणि दुसरं म्हणजे झुडपातून हलणारं काही दिसलं की गोळी झाडणाऱ्या हौशी माणसाच्या हातून मरायची त्याची इच्छा नव्हती. अट दोन्ही बाजूंनी व्यवहारी होती.

१९०७ मध्ये पहिला नरभक्षक. चंपावतची वाघीण. नेपाळ आणि कुमाऊँ मिळून ४३६ माणसं तिच्या नावावर नोंदली गेली होती. ही शिकार झाडावरून नाही, तर गावकऱ्यांचा हाका घालून जमिनीवर झाली. शेवटच्या क्षणी कॉर्बेटच्या रायफलच्या गोळ्या संपल्या आणि त्यानं तहसीलदाराची बंदूक घेऊन वाघीण पाडली. नंतर तिचं तोंड उघडून बघितलं तर उजव्या बाजूचे वरचे-खालचे सुळे तुटलेले. कधीकाळी कुणाची तरी गोळी तिथे लागली होती. तोंडानं नेहमीची शिकार पकडता येईना, म्हणून ती माणसाकडे वळली. म्हणजे ४३६ जीव गेले त्याची सुरुवात एका शिकाऱ्याच्या चुकलेल्या नेमातून झाली होती. ही गोष्ट कॉर्बेटच्या डोक्यात घर करून बसली. पुढची तीस वर्षं तो मारलेल्या प्रत्येक नरभक्षकाचं शरीर तपासत राहिला, आणि बऱ्याच वेळा त्याला जुनी जखम, पायात घुसलेले साळिंदराचे काटे किंवा म्हातारपण सापडत राहिलं.

१९१० मध्ये पनारचा बिबट्या. याच्या नावावर ४०० माणसं. आणि ही रात्र मात्र झाडावरचीच.

बिबट्याचा प्रॉब्लेम हा, की तो झाडावर चढतो. वाघासाठी झाडावर बसलेला माणूस बऱ्यापैकी सुरक्षित, बिबट्यासाठी तो वर ठेवलेला घास. त्यात हाताशी असलेलं झाड तिरकं वाढलेलं, म्हणजे चढायला जिन्यासारखं. कॉर्बेटनं काय केलं, तर काटेरी झुडपाचे लांब फोक तोडून आणले, ते खोडाला आवळून बांधले आणि त्यांची वरची टोकं आपल्या काखेत दाबून बसला. समोर पांढरी शेळी बांधलेली. अंधार पडला. थोड्या वेळानं काखेतल्या फांद्यांना हिसका बसला.

बिबट्या शेळीकडे न जाता झाडाखाली आला होता आणि ते काटेरी फोक दातांनी ओढत होता. गुरगुरतोय, ओढतोय, पुन्हा गुरगुरतोय. खाली काही दिसत नाही, फक्त हिसके जाणवतायत. मागून आला तर गोळीही झाडता येणार नाही. बराच वेळ हा खेळ चालला. माणूस काही पडत नाही म्हटल्यावर बिबट्या शेळीवर गेला आणि त्या पांढऱ्या अंगाच्या अंदाजानं कॉर्बेटनं बार काढला. गावकरी चुडी पेटवून आले. जखमी बिबट्या त्यांच्या अंगावर धावला, लोक चुडी टाकून पळाले आणि जमिनीवर पडलेल्या त्या चुडींच्या उजेडात कॉर्बेटनं दुसरी गोळी घातली.

पुढे पहिलं महायुद्ध आलं. १९१७ मध्ये कॉर्बेट कुमाऊँमधले पाचशे लोक घेऊन फ्रान्सला गेला. ते झाल्यावर वझिरिस्तान. परत आला तेव्हा हुद्दा मेजरचा होता. आणि परत आला तेव्हा गढवालमध्ये रुद्रप्रयागच्या बिबट्यानं धुमाकूळ घातलेला होता.

ही कॉर्बेटच्या आयुष्यातली सगळ्यात गाजलेली शिकार, त्यामुळे जरा तपशिलात बघू.

केदारनाथ आणि बद्रीनाथला जाणाऱ्या वाटा रुद्रप्रयागला फुटतात. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत इतकी माणसं मेली की प्रेतं जाळायला माणसं उरली नाहीत. तोंडात निखारा ठेवून प्रेत दरीत लोटायचे. बिबट्याला माणसाच्या मांसाची चटक तिथे लागली, असं कॉर्बेटचं मत होतं. साथ गेली, प्रेतं मिळेनात, मग त्यानं जिवंत माणसं धरायला सुरुवात केली. आठ वर्षांत १२५ बळी, तेही फक्त सरकारी नोंदीतले.

आकडा चंपावतच्या मानानं लहान वाटेल. पण ही यात्रेची वाट होती. देशाच्या कानाकोपऱ्यातून लोक यायचे, त्यामुळे बातमी सगळीकडे गेली. परदेशी वर्तमानपत्रांतही छापून आली. अंधार पडला की त्या पट्ट्यात आवाज बंद. दारं बंद. रात्री लघवीलासुद्धा कुणी उंबरा ओलांडायचं नाही. सरकारनं सगळं करून पाहिलं. शिकाऱ्यांना खास परवाने दिले, सापळे लावले, भक्ष्यात विष घातलं. बिबट्या सगळ्याला पुरून उरला. लोकांना वाटू लागलं की हा प्राणी नाहीच, हे भूत आहे.

कॉर्बेटलाही तो सहज सापडला नाही. अलकनंदेवरच्या झुलत्या पुलाच्या मनोऱ्यावर तो वीस रात्री बसला, उघड्यावर, वाऱ्यात. बिबट्या पूल ओलांडायला आलाच नाही. शिकारी म्हणून मोठं नाव असलेला माणूस आणि हाती शून्य. मधल्या काळात माणसं मरत होतीच. गावात गेलं की ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरातले लोक त्याच्याकडे आशेनं बघायचे आणि त्याच्याकडे सांगायला काही नसायचं. हे ओझं त्यानं लपवलेलं नाही. त्याचं पुस्तक वाचलं तर जाणवतं, की बिबट्याच्या बरोबरीनं त्यात अपयशच पानोपानी भरलं आहे.

शेवटी १९२६ चा एप्रिल. यात्रा सुरू झालेली. गुलाबराय नावाच्या ठिकाणी यात्रेकरूंची धर्मशाळा होती आणि वाटेला लागून आंब्याचं मोठं झाड. बिबट्या काही दिवसांच्या अंतरानं याच वाटेनं जातो हे कॉर्बेटनं ताडलं होतं. धर्मशाळा चालवणाऱ्या पंडिताच्या गळ्यावर तर बिबट्याच्या दातांचे व्रण होते, तो त्याच्या तावडीतून वाचला होता. कॉर्बेटनं आंब्यात मचाण बांधलं, खाली वाटेवर गळ्यात घंटा असलेली शेळी बांधली आणि बसला. एक रात्र, दोन रात्री, तीन. काहीच नाही. दहा-अकरा रात्री गेल्या. बाकीची कामं खोळंबलेली, परतायची वेळ आलेली. म्हणजे जमलं तर आता, नाहीतर पुन्हा पुढच्या वर्षी, आणि मधले बळी वेगळे.

२ मेची रात्र. धर्मशाळेत दीडेकशे यात्रेकरू झोपलेले, आणि त्यांना काहीच कल्पना नाही. जवळच मेंढ्यांचा तांडा घेऊन एक व्यापारी उतरलेला. रात्री त्याची कुत्री अचानक भुंकायला लागली. वाटेकडे तोंड करून भुंकली आणि मग गप्प झाली. कॉर्बेटला कळलं की बिबट्या वाटेवर आहे. पण कुठे? अमावास्येसारखा अंधार. मिनिटं जातायत. मग शेळीच्या गळ्यातली घंटा जोरात वाजली.

त्यानं रायफलला बांधलेल्या टॉर्चचं बटण दाबलं. बिबट्याच्या खांद्यावर नेम आधीच लागलेला दिसला, त्यानं चाप ओढला आणि त्याच क्षणी टॉर्च विझला. पुन्हा लागलाच नाही. गोळी लागली की चुकली, काही कळायला मार्ग नाही. खाली उतरायचीही सोय नाही, कारण जखमी बिबट्या खाली वाट बघत असू शकतो. आठ वर्षांचा सगळा प्रश्न एका गोळीवर आला आणि उत्तरासाठी पहाटेपर्यंत त्याच फांदीवर बसून राहायचं.

उजाडलं. शेळी ठणठणीत. रक्ताचा माग काढत गेला तर थोड्या अंतरावर बिबट्या मरून पडलेला. म्हातारा नर. तोंडाभोवतीचे केस पिकलेले, मिशा झडलेल्या. पायावर जुन्या गोळीची खूण, काही वर्षांपूर्वी त्याच पुलावर दोन तरुण अधिकाऱ्यांनी झाडलेल्या गोळ्यांपैकी एकीची. हजारो लोक बघायला आले, फुलं घेऊन आले, कॉर्बेटच्या पायावर डोकं ठेवून रडले. ती शेळीसुद्धा परिसरात प्रसिद्ध झाली. तिच्या गळ्यात पितळी पट्टा आला आणि तिला बघायला येणाऱ्यांकडून मालकानं चार पैसेही कमावले. आपल्याकडे कशाचाही इव्हेंट होतो हे तेव्हाही खरं होतं.

पण कॉर्बेटला त्या बिबट्याबद्दल काय वाटलं हे महत्त्वाचं आहे. त्याला तो भूत वाटला नाही, सैतान वाटला नाही. त्याला दिसला एक म्हातारा प्राणी, ज्यानं निसर्गाचा कुठलाच नियम मोडला नव्हता, मोडले होते ते माणसाचे नियम. आणि ते त्यानं मजेसाठी नाही, जगण्यासाठी मोडले होते.

आता इथे कॉर्बेटला देव करायचा मोह होतो. तो टाळलेला बरा. कारण त्यानं फक्त नरभक्षकच मारले असं नाही. पोवलगढचा बॅचलर म्हणून ओळखला जाणारा प्रचंड वाघ त्यानं १९३० मध्ये मारला. मापलं तर दहा फूट सात इंच. त्यानं कुणाला त्रास दिला नव्हता. गुन्हा एवढाच, की तो खूप मोठा होता आणि कित्येक शिकारी दहा वर्षं त्याच्या मागे होते. पुढे बड्या साहेबांसाठी, अगदी व्हाइसरॉयसाठीही शिकारीची व्यवस्था त्यानं लावून दिली. तो त्याच काळाचा माणूस होता आणि साम्राज्याच्या चौकटीतलाच होता. सुलताना डाकूला पकडण्याच्या मोहिमेतही तो पोलिसांबरोबर जंगलात फिरला होता.

तरीही त्याच्यात काहीतरी बदलत होतं. त्याचं एक कारण होते एफ. डब्ल्यू. चॅम्पियन. हे वनाधिकारी, आणि यांनी बंदुकीऐवजी कॅमेरा उचललेला. वाघाच्या वाटेवर तार लावायची, वाघाचा पाय लागला की फ्लॅश पडून फोटो निघायचा. आजच्या कॅमेरा ट्रॅपचा हा आजोबाच. कॉर्बेटनं हे फोटो बघितले आणि स्वतः सिनेकॅमेरा घेतला. आता अडचण अशी, की त्या काळचा कॅमेरा घरघर वाजायचा आणि वाघ पळायचा. मग गड्यानं एका हिवाळ्यात जंगलातल्या ओढ्याला छोटे बांध घातले, पाण्याचा खळखळाट वाढवला आणि त्या आवाजाखाली कॅमेऱ्याची घरघर झाकून टाकली. महिनोन्महिने वाघांना हळूहळू त्या जागेपर्यंत आणलं आणि एकाच ठिकाणी सात वाघांचं चित्रीकरण केलं. भर दिवसा.

त्याचा हिशोब साधा होता. ट्रॉफी एकाच्याच भिंतीवर लटकते, वाघाचा फोटो सगळ्यांना बघता येतो. आणि फोटो काढल्यावर वाघ तिथेच राहतो.

तो शाळांमध्ये जाऊन पोरांना जंगलाबद्दल सांगू लागला, तिथे वाघाचे आवाज काढून दाखवू लागला. संयुक्त प्रांताचे गव्हर्नर माल्कम हेली यांच्या काळात राखीव जंगलाचा विषय पुढे सरकला, त्यात कॉर्बेटचाही सल्ला होता. १९३६ मध्ये हेली नॅशनल पार्क झालं, भारतातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. शिकार बंद.

शेवटचा नरभक्षक त्यानं १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये मारला. ठाक गावची वाघीण. वय ६३. संध्याकाळच्या अंधुक उजेडात, वाघाची साद घालत त्यानं तिला जवळ बोलावलं. ती जोडीदार शोधत होती आणि त्या आवाजाला फसून आली. ही शिकार त्याच्या मनाला लागून राहिली, हे त्याच्या लिखाणात दिसतं.

१९४४ मध्ये त्याचं पहिलं मोठं पुस्तक आलं, मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ. आणि ते कुठे छापलं गेलं? आपल्या मुंबईत. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मुंबई शाखेनं ते काढलं. पहिल्या आवृत्तीचं उत्पन्न कॉर्बेटनं युद्धात दृष्टी गेलेल्या भारतीय सैनिकांच्या संस्थेला दिलं. पुस्तक जगभर तुफान गेलं. १९४८ मध्ये हॉलिवूडनं त्यावर सिनेमाही काढला, पण त्यात पुस्तकातलं नावापुरतंच होतं.

मोकामा घाटावरची कमाई आणि पुस्तकांचे पैसे यांतून हा माणूस बंगले बांधत बसला नाही. १९१५ मध्येच त्यानं कालाढुंगीजवळ छोटी हल्द्वानी नावाचं उजाड गाव विकत घेतलं होतं. तिथे कुळं वसवली, पाण्याचे पाट काढले आणि रानडुकरांपासून पिकं वाचवायला गावाभोवती काही मैलांची दगडी भिंत बांधली. ती भिंत आजही बघता येते. लोक त्याला कारपेट साहिब म्हणायचे. लग्न त्यानं केलं नाही. आयुष्यभर थोरली बहीण मॅगी सोबत होती.

आणि मग १९४७. देश स्वतंत्र झाला आणि नोव्हेंबरमध्ये जिम आणि मॅगी नैनितालचं घर विकून केनियाला निघून गेले. सत्तरी ओलांडलेली दोन भावंडं. ज्या देशावर त्यानं पुढे माय इंडिया नावाचं पुस्तक लिहिलं, तो देश सोडून. नव्या भारतात आपल्यासारख्यांना जागा असेल की नाही, अशी त्यांना धास्ती होती, असं सांगतात. कुमाऊँच्या लोकांनी त्याला कधी परका मानलं होतं असं काही दिसत नाही. पण इंग्रज गेल्यावर मागे राहिलेल्या गोऱ्यांना तेव्हा काय वाटत होतं, हे आज घरात बसून ठरवणं सोपं आहे.

केनियातल्या न्येरी गावात, स्काउट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांच्यासाठी बांधलेल्या छोट्या घरात ते राहू लागले. आणि इथे कॉर्बेट शेवटचा झाडावर चढला.

न्येरीजवळच्या अ‍ॅबरडेअरच्या जंगलात एका भल्यामोठ्या उंबराच्या जातीच्या झाडावर ट्रीटॉप्स नावाचं लाकडी घर होतं. म्हणजे एक मोठं मचाणच. खाली पाणवठा, रात्री हत्ती-गेंडे येणार आणि पाहुणे वरून बघणार. ५ फेब्रुवारी १९५२ ला इंग्लंडची राजकन्या एलिझाबेथ आणि तिचा नवरा फिलिप तिथे मुक्कामाला आले. सोबत ७६ वर्षांचा कॉर्बेट. दिवसभर राजकन्या कॅमेऱ्यानं हत्तींचं चित्रीकरण करत होती, रात्रीही पाणवठा बघत होती. बाकीचे झोपले तेव्हा कॉर्बेट शिडीच्या वरच्या टोकाशी बंदूक घेऊन बसला. रात्रभर. जसा आयुष्यभर बसला तसा.

त्याच रात्री तिकडे इंग्लंडमध्ये राजा सहावा जॉर्ज झोपेत वारला. झाडावर कुणालाच पत्ता नव्हता. सकाळी राजकन्या हसत खाली उतरली, आणि वडील गेल्याचं तिला कळलं ते पुढच्या मुक्कामी पोचल्यावर. राजकन्या म्हणून झाडावर चढलेली मुलगी राणी होऊन खाली उतरली, असं पाहुण्यांच्या वहीत लिहून ठेवलं ते कॉर्बेटनंच.

दोन वर्षांनी, १९५४ मध्ये, केनियाच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या माऊ माऊ बंडखोरांनी ते ट्रीटॉप्स जाळून टाकलं. कॉर्बेटनं त्या रात्रीवर ट्री टॉप्स नावाचं छोटं पुस्तक लिहिलं, ते त्याचं शेवटचं. १९ एप्रिल १९५५ ला हृदयविकाराच्या झटक्यानं तो गेला. पुस्तक छापून आलं तेव्हा तो नव्हता. न्येरीच्या चर्चच्या आवारात त्याची कबर आहे, बेडन-पॉवेलच्या कबरीपासून जवळच.

भारतात हेली नॅशनल पार्कचं नाव आधी रामगंगा झालं होतं. कॉर्बेटच्या मृत्यूनंतर काही काळातच ते बदलून कॉर्बेट करण्यात आलं. इंग्रजांची नावं पुसण्याचे ते दिवस, आणि तेव्हा हे नाव लावलं गेलं. १९६८ मध्ये शास्त्रज्ञांनी आग्नेय आशियातल्या वाघाच्या एका उपजातीला त्याच्या नावावरून कॉर्बेटी म्हटलं. १ एप्रिल १९७३ ला भारतानं वाघ वाचवण्यासाठी प्रोजेक्ट टायगर सुरू केलं, ते याच जंगलातल्या ढिकालामधून. आणि गुलाबरायला, बद्रीनाथच्या वाटेवर, तो बिबट्या मारला त्या जागी आजही एक फलक उभा आहे.